प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : नर्सिंगमधले सन्मान आणि अधिवेशनं

इंदूरच्या मराठी घरांतून नर्सिंगविषयी येणाऱ्या पत्रांत पूर्वी प्रवेश आणि फी यांचेच प्रश्न असत. आता घरातली मुलगी, सून, नात या पेशात स्थिरावली आहे आणि प्रश्नही बदलले आहेत: सन्मान कसा मिळतो, अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्यावर काय करायचं, पोस्टर कसं छापायचं. हा अंक त्याच पत्रांना दिला आहे. लांब पत्रांतला प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला 'सिग्मा' नावाच्या संस्थेचं सदस्यत्वाचं निमंत्रण आलं आहे, पण सोबत फीही मागितली आहे. मान द्यायचा आणि पैसेही घ्यायचे, हे काय? फसवणूक तर नाही ना?
— एक आजोबा, लोकमान्यनगर

आजोबा, संस्था खरी आहे आणि नर्सिंगच्या जगात तिला मोठा मान आहे. तिचं पूर्ण नाव सिग्मा थीटा टाउ. १९२२ साली इंडियानापोलिस इथे, इंडियाना विद्यापीठाच्या नर्सेस ट्रेनिंग स्कूलमधल्या सहा विद्यार्थिनींनी ती सुरू केली. नावातली तीन अक्षरं तीन ग्रीक शब्दांची आद्याक्षरं आहेत: स्टोर्गे, थार्सोस, टिमे. म्हणजे माया, धैर्य आणि मान. त्या काळी नर्सिंगकडे विद्याशाखा म्हणून कुणी फारसं पाहत नव्हतं. अशा वेळी सहा मुलींनी अभ्यासातल्या गुणवत्तेचा मान करणारी संस्था काढली, हे धाडसच होतं. आज शंभराहून अधिक देशांत तिचे सदस्य आहेत.

हे सदस्यत्व आपणहून अर्ज करून सहसा मिळत नाही. कॉलेजमध्ये संस्थेचं 'चॅप्टर', म्हणजे स्थानिक शाखा, असतं आणि ते निकषांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना बोलावतं. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी निकष असे: नर्सिंगचा निम्मा अभ्यासक्रम पूर्ण झालेला, चारपैकी किमान ३.० गुणांक, आणि आपल्या तुकडीतल्या वरच्या ३५ टक्क्यांत क्रमांक. नात तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे निमंत्रणाची वेळ अगदी बरोबर आहे.

तरी खात्री करून घ्यावी, कारण मिळत्याजुळत्या नावांनी मेल पाठवणारे बरेच असतात. निमंत्रणात कॉलेजच्या चॅप्टरचं नाव असायला हवं. ते ग्रीक अक्षरांचं असतं. कॉलेजच्या शिक्षकांपैकी एक जण चॅप्टरचे 'फॅकल्टी कौन्सेलर' असतात. नातीने त्यांना प्रत्यक्ष भेटून विचारावं, पाच मिनिटांचं काम आहे. चॅप्टरचं नाव नसेल आणि नुसती पैसे भरायची लिंक असेल, तर तिथेच थांबावं.

फीचं म्हणाल तर त्यात मध्यवर्ती संस्थेची वार्षिक वर्गणी असते आणि चॅप्टरची स्वतःची वर्गणी असते. पदवीदान समारंभात गळ्यात घालायचा गोफ, पिन, फ्रेम या वस्तू वेगळ्या विकत मिळतात. त्या घेतल्या नाहीत म्हणून सदस्यत्वाला काही उणेपणा येत नाही. वर्गणी दरवर्षी भरावी लागते, हे आधीच लक्षात घ्यावं. या सदस्यत्वाने नोकरीची हमी मिळत नाही. मात्र संशोधनासाठी अनुदानं, परिषदांत निबंध मांडायची संधी, आणि अनुभवी नर्सेसची ओळख मिळते. पुढे एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायचा विचार असेल, तर या ओळखी फार कामाला येतात.

प्रश्न : मी इथेच खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची पदवी). मला सिग्माचं सदस्य होता येईल का?
— राजेंद्रनगर

पदवी आहे, म्हणजे दार उघडं आहे. विद्यार्थिदशा संपलेल्यांसाठी 'नर्स लीडर' असा वेगळा मार्ग आहे: किमान पदवी आणि कामातल्या नेतृत्वाचा पुरावा. जवळ चॅप्टर नसेल त्यांच्यासाठी फाय गॅमा हे आभासी चॅप्टर आहे. नुसत्या जीएनएमवर हा मार्ग मिळत नाही.

पण ताई, आधी टीएनएआयचं, म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाचं सदस्यत्व घ्या. १९०८ पासूनची आपली संस्था आहे, १९१० पासून तिचं स्वतःचं नियतकालिक निघतं, आणि जीएनएम झालेल्यांनाही तिथे जागा आहे. आंतरराष्ट्रीय व्यासपीठ हवंच असेल, तर सिग्माची संशोधन परिषद दर वर्षी जुलैत भरते. २०२३ ला ती अबुधाबीत झाली, २०२४ ला सिंगापूरमध्ये. अशी जवळची वर्षं गाठली, तर अमेरिकेच्या मानाने प्रवासाचा खर्चही कमी आणि व्हिसाची धावपळही.

प्रश्न : मुलगी तिच्या कॉलेजच्या सिग्मा चॅप्टरची प्रतिनिधी म्हणून अधिवेशनाला जाणार आहे. ती म्हणते, "आई, नुसतं बसायचं आणि हात वर करायचा." एवढंच काम असतं का? चॅप्टरला तिथे पुरस्कारही मिळणार म्हणे.
— तिलकनगर

हात वर करायचाच असतो, पण कशासाठी करायचा हे घरून ठरवून जायचं असतं. बहुतेक नवे प्रतिनिधी इथेच कमी पडतात.

सिग्माचं द्वैवार्षिक अधिवेशन विषम वर्षी नोव्हेंबरमध्ये भरतं. २०२३ ला ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत झालं, २०२५ ला इंडियानापोलिसमध्ये. अधिवेशनात निबंध, पोस्टर, भाषणं यांचा एक प्रवाह असतो आणि दुसरा असतो प्रतिनिधी सभेचा. सभेत प्रत्येक चॅप्टरचे दोन प्रतिनिधी बसतात. संस्थेच्या घटनेतल्या दुरुस्त्या आणि ठराव तिथे मताला येतात. नव्या अध्यक्षा पुढच्या दोन वर्षांच्या कामाचं आवाहनही अधिवेशनातच मांडतात.

तयारी अशी करावी. ठरावांचे मसुदे आधी हाती येतात. ते घेऊन चॅप्टरची बैठक घ्यायची आणि एका कागदावर तीन रकाने आखायचे: ठराव, आपलं मत, आणि ते मत का. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सभेत कुणी उपसूचना मांडली आणि ती मंजूर झाली, की मूळ ठराव बदलतो. "बाजूने मत द्या" एवढीच सूचना घेऊन आलेली प्रतिनिधी मग गोंधळते, कारण समोरचा ठराव आता वेगळा असतो. समजा, चॅप्टरने वर्गणीवाढीला "विद्यार्थ्यांवर बोजा नको" म्हणून विरोध करायचं ठरवलं, आणि सभेत विद्यार्थ्यांना वगळणारी उपसूचना आली. कारण माहीत असलेली मुलगी तिथल्या तिथे निर्णय घेऊ शकते.

दोन्ही प्रतिनिधींची नावं मुदतीत कळवलेली असावीत, आणि ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर बदली नाव कुणाचं, हेही ठरलेलं असावं. पोहोचल्यावर आधी प्रतिनिधींची नोंदणी करायची, फिरायला नंतर जायचं. सभेच्या वेळा सोडून दोघींनी एकाच सत्रात बसू नये. वाटून घेतलं तर चॅप्टरला दुप्पट मिळतं. खर्चाबाबत निघण्याआधीच विचारावं: चॅप्टर आगाऊ रक्कम देणार, की बिलं दाखवल्यावर परत करणार? विद्यार्थिनीच्या खिशाला हा फरक मोठा असतो. परतल्यावर दोन आठवड्यांत एक पानी अहवाल द्यावा: कोणते ठराव मंजूर झाले, आपण कसं मत दिलं, आपल्या चॅप्टरने घ्याव्यात अशा दोन-तीन गोष्टी, आणि खर्चाचा हिशेब.

आता पुरस्काराचं. चॅप्टरसाठीचा जो सन्मान आहे त्याला 'चॅप्टर की अवॉर्ड' म्हणतात. नवे सदस्य आणणं आणि जुने टिकवणं, कार्यक्रम, नेतृत्वाची घडण, इतर संस्थांशी सहकार्य, अशा कामांचा त्यात विचार होतो. चॅप्टरचं काम चांगलं असूनही हा सन्मान हुकतो, तो बहुधा नोंदींमुळे. पदाधिकारी विद्यार्थिनी असतात, त्या पदवी घेऊन निघून जातात आणि कार्यक्रमांचे फोटो, हजेऱ्या, पत्रं त्यांच्या खासगी मेलमध्ये राहतात. नव्या सचिवाच्या हाती रिकामी फाइल येते. म्हणून चॅप्टरचं एकच सामायिक खातं हवं, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर दोन दिवसांच्या आत चार ओळी लिहिल्या जाव्यात: तारीख, हेतू, हजेरी, काय निष्पन्न झालं. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेल्या अहवालात हजेरी हमखास "सुमारे ५०" असते आणि तारीख गायब.

प्रश्न : आमच्या आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर फार मोठं काम करतात. गेल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून पुरस्कारासाठी त्यांच्या नावाची शिफारस पाठवली, पण निवड झाली नाही. पत्र मनापासून लिहिलं होतं. काय चुकलं असेल?
— तीन स्टाफ नर्सेस, सुदामानगर

तुम्ही पत्राची प्रत पाठवलीत हे बरं केलंत. त्यातला मुख्य परिच्छेद असा आहे: "सिस्टर अत्यंत मेहनती, प्रेमळ आणि शिस्तप्रिय आहेत. गेली २२ वर्षं त्या अहोरात्र रुग्णसेवा करत आहेत. कोविडच्या काळात जिवाची पर्वा न करता त्यांनी काम केलं."

यातला शब्द न् शब्द खरा असणार. पण निवड समितीपुढे आलेल्या प्रत्येक पत्रात हेच लिहिलेलं असतं. समितीला गुण द्यायचे असतात, आणि 'प्रेमळ'ला किती गुण द्यायचे हे कुणालाच ठरवता येत नाही. नेतृत्व म्हणजे सिस्टरांमुळे वॉर्डात काय बदललं आणि त्या रजेवर असतानाही ते टिकलं का. पत्रात तेच दिसायला हवं. तोच परिच्छेद असा लिहून पाहा (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही रजिस्टरमधून काढा; इतर वाचकांसाठी: बेडसोअर म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, ब्रेडन स्केल म्हणजे तिचा धोका मोजायचा तक्ता):

"१२ खाटांच्या आयसीयूत जानेवारी ते मार्चमध्ये ९०० रुग्ण-दिवसांत ९ नवे बेडसोअर नोंदले गेले. सिस्टरांनी रुग्ण दाखल झाल्यापासून ८ तासांत आणि पुढे रोज ब्रेडन स्केल भरणं सुरू केलं, कूस बदलण्याचा दोन तासांचा तक्ता प्रत्येक खाटेला लावला आणि तिन्ही पाळ्यांतल्या २६ नर्सेसना शिकवलं. जुलै ते सप्टेंबरमध्ये ९२० रुग्ण-दिवसांत ४ नवे बेडसोअर झाले. दर १००० रुग्ण-दिवसांमागे प्रमाण १० वरून ४.३ वर आलं. ऑक्टोबरपासून सर्जिकल वॉर्डानेही हीच पद्धत घेतली."

हिशेब सोपा आहे. रोज रात्री १२ वाजता वॉर्डात किती रुग्ण आहेत तो आकडा घ्या आणि तिमाहीची बेरीज करा, ते झाले रुग्ण-दिवस. नव्या बेडसोअरची संख्या भागिले रुग्ण-दिवस, गुणिले १०००. नुसतं "९ चे ४ झाले" लिहू नका, कारण वॉर्ड अर्धा रिकामा असला तरी आकडा खाली येतोच.

इथे एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्या. नोंद ठेवायला सुरुवात केली की पहिल्या एक-दोन महिन्यांत बेडसोअर वाढलेले दिसतात. ते वाढलेले नसतात. पूर्वी फक्त कातडी फाटली की लिहिलं जायचं, आता नुसती लाली, दाबली तरी न जाणारी, तीही पहिल्या टप्प्यातला बेडसोअर म्हणून लिहिली जाते. म्हणून 'आधीचा' आकडा प्रशिक्षण झाल्यावरचा घ्या आणि दोन्ही तिमाहींत व्याख्या एकच ठेवा. रुग्ण बाहेरून बेडसोअर घेऊनच आला असेल, तर दाखल होताना तसं लिहा आणि त्याला तुमच्या मोजणीत धरू नका. ब्रेडन स्केलची बेरीज ६ ते २३ असते आणि १८ किंवा त्याखाली रुग्णाला धोका मानतात. दोन नर्सेसनी एकाच रुग्णाचं स्केल वेगवेगळं भरून पाहिलं आणि आकड्यांत दोन-तीनचा फरक आला, तर प्रशिक्षण अपुरं आहे असं समजा.

शिफारसपत्र कुणी लिहायचं हेही महत्त्वाचं. तिघींनी एकाच मजकुरावर सह्या करण्यापेक्षा तीन बाजूंनी तीन पत्रं हवीत: मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडेंट यांचं पदाच्या जबाबदारीवर, आयसीयूच्या डॉक्टरांचं रुग्णांवर झालेल्या परिणामावर, आणि सिस्टरांच्या हाताखाली तयार झालेल्या एखाद्या नर्सचं, त्यांनी कसं शिकवलं यावर. शेवटचं पत्र बहुतेक अर्जांत नसतं, आणि नेतृत्वाबद्दल खरं तेच बोलतं. हॉस्पिटलचे आकडे बाहेर देणार असाल तर प्रशासनाची लेखी परवानगी घ्या. रुग्णाचं नाव, चेहरा किंवा केस पेपरचा फोटो कुठेही नको.

मोठ्या सन्मानांबद्दल थोडं. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचा राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून दिला जातो आणि तो राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो. प्रमाणपत्र, पदक आणि १ लाख रुपये असं त्याचं स्वरूप आहे. सरकारी नर्सेसबरोबर एएनएम (सहायक नर्स-दाई) आणि एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) भगिनींचाही त्यात विचार होतो, हे गावाकडच्या उपकेंद्रांत काम करणाऱ्यांना सांगायला हवं. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं फ्लोरेन्स नाइटिंगेल पदक हा निराळा सन्मान आहे. ते १९१२ साली स्थापन झालं आणि १९२० पासून दिलं जातं. नावं सारखी असल्याने अर्जात घोटाळा होतो. सिग्मातही संस्थापिकांच्या नावाने पुरस्कार आहेत. त्यांतला मेरी टोली राइट यांच्या नावाचा पुरस्कार खास नेतृत्वासाठी आहे.

आणि सिस्टरांना न सांगता अर्ज पाठवू नका. आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून पाठवलेल्या अर्जात नोंदणी क्रमांक, पदोन्नतीच्या तारखा, शिक्षणाचं वर्ष यांत चुका राहतात, आणि तेवढ्या कारणावरून अर्ज बाजूला पडतो.

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजमध्ये एसएनए ॲडव्हायजर आहे. यंदा १४ विद्यार्थ्यांना अधिवेशनाला न्यायचं आहे, पहिलीच वेळ आहे. कशाची काळजी घेऊ?
— एक शिक्षिका

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एसएनए म्हणजे स्टुडंट नर्सेस असोसिएशन, टीएनएआयची विद्यार्थी शाखा, १९२९ पासूनची. कॉलेजात तिचं युनिट असतं. सचिव, खजिनदार अशी पदं विद्यार्थी सांभाळतात आणि एक शिक्षक सल्लागार असतो. नेतृत्वाची पहिली शाळा हीच.

मॅडम, सगळ्यात आधी हजेरी पाहा. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी परीक्षेला बसण्यासाठी लागते, पण पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकल १०० टक्के पूर्ण व्हावं लागतं. म्हणजे अधिवेशनाच्या चार दिवसांची क्लिनिकल ड्यूटी माफ होत नाही, ती नंतर भरून काढावी लागते. कोणत्या वॉर्डात, कोणत्या तारखांना भरणार, हे प्राचार्यांच्या परवानगीच्या पत्रातच लिहून घ्या. परतल्यावर पोस्टिंग बदललेलं असतं, आणि मुली रविवारी ड्यूट्या करत बसतात.

सदस्यत्वाची यादी तपासा. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीची वर्गणी थकलेली असली, तर ते नेमकं नोंदणीच्या टेबलावर उघड होतं. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. १४ विद्यार्थी आणि दोन शिक्षक म्हणजे तीन तिकिटं. प्रत्येक तिकिटावर निदान एक जबाबदार मोठी व्यक्ती किंवा सीनियर मुलगी येईल अशी नावं वाटा, कारण डबे वेगवेगळे लागू शकतात. पालकांची लेखी संमती, प्रत्येकीचा रक्तगट, ॲलर्जी आणि चालू औषधं यांचा एक कागद दोन्ही शिक्षकांकडे असावा.

नाटिका, गीत, प्रश्नमंजूषा यांची तालीम सगळे करतात. तालीम होत नाही ती वेळेची. सात मिनिटांची नाटिका सभागृहात नऊ मिनिटं चालते, कारण टाळ्या आणि माइकची अदलाबदल कुणी मोजलेली नसते. तालमीत ती सहा मिनिटांत बसवा. खर्चाची वही खजिनदार विद्यार्थिनीकडेच द्या आणि रोज रात्री तिच्याबरोबर जुळवा. तिच्या हातून वही काढून घेऊ नका, शिकायला ती तिथे आली आहे.

प्रश्न : परिषदेत माझा निबंध पोस्टर म्हणून स्वीकारला गेला आहे. खजुरी बाजारात छापायला दिला तर फोटो धूसर आले आणि अक्षरं हलली. दुसऱ्यांदा पैसे घालण्याआधी विचारते.
— एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष

दोन्ही दोष फाइलमधले आहेत, छपाईतले नव्हेत, त्यामुळे दुकान बदलून उपयोग व्हायचा नाही.

फोटो बहुधा व्हॉट्सॲपवरून घेतलेले असणार. तिथून साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्याची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. तो १६ इंच रुंद छापला, तर इंचाला १०० ठिपके मिळतात, आणि जवळून तो धूसर दिसणारच. मूळ फोटो मेलने किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. आलेख मात्र फोटो काढून चिकटवू नका, एक्सेलमधून सरळ घ्या.

अक्षरं हलतात, कारण दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसतो. पॉवरपॉइंटची फाइल देऊ नका, फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या. देवनागरी ओळ असेल तर ती युनिकोडमध्ये टाइप करा. दुकानदाराने फाइल कोरलड्रॉमध्ये उघडली, तर छापण्याआधी अक्षरं 'कर्व्ह' करून घ्यायला (म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करायला) सांगा आणि जोडाक्षरं पडद्यावर स्वतः वाचा.

माप आधी आयोजकांच्या पत्रात बघा, उभं की आडवं तेही. नेहमीचं ए-झिरो ८४१ × ११८९ मिलिमीटरचं असतं. काही ठिकाणी ३ × ४ फूट मागतात, म्हणजे दुकानाच्या भाषेत १२ वर्गफूट. फाइल पहिल्यापासून त्याच मापात करा. ए-फोरवर करून मोठी करू नका. शीर्षक ८५ पॉइंटच्या आसपास, उपशीर्षकं ४० आणि मजकूर २४ च्या खाली नको. एकूण शब्द ६०० ते ८००. प्रबंधाची प्रकरणं कापून चिकटवली की शब्द दोन हजारांवर जातात, मग अक्षर बारीक करावं लागतं आणि समोर कुणी थांबत नाही.

पैसे घालण्याआधीची परीक्षा अगदी स्वस्त आहे. पूर्ण पोस्टर ए-फोर कागदावर साध्या प्रिंटरवर छापा. ए-झिरोची प्रत्येक बाजू ए-फोरच्या चौपट असते, म्हणजे २४ पॉइंटचं अक्षर इथे ६ पॉइंटचं दिसेल. कागद हातभर लांब धरून तो चष्म्यासह वाचता आला, तर भिंतीवरचं पोस्टर त्याच्या चौपट अंतरावरून वाचता येईल. नाही वाचता आलं, तर मजकूर कमी करा.

पडद्यावरचा झगझगीत निळा-हिरवा छपाईत मंदावतो, म्हणून एक छोटी पट्टी छापून रंग बघा. एथिक्स कमिटीच्या परवानगीचा क्रमांक आणि तारीख तळाशी असू द्या, परीक्षक पहिल्यांदा तिकडेच पाहतात. फ्लेक्सची घडी कधीच घालू नका, घडीची रेघ जात नाही. छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे लावताना कडा फळ्याकडे वळतात. विमानाने जायचं असेल तर कापडावर छापून घेणं सोयीचं, ते बॅगेत मावतं. पीडीएफ पेनड्राइव्हवर आणि मेलवर, दोन्हीकडे ठेवा.

प्रश्न : दुबईतल्या एका 'जागतिक नर्सिंग परिषदे'कडून वक्ता म्हणून बोलावणं आलं आहे. निबंध पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी स्वीकारल्याचं कळवलं. जाऊ का?
— वैशालीनगर

घाई करू नका. एका दिवसात कुणी निबंध तपासत नाही. त्याच तारखांना, त्याच हॉटेलात हृदयरोग, दंतवैद्यक आणि शेतीच्याही परिषदा त्याच आयोजकांच्या आहेत का, ते पाहा. समितीत ज्यांची नावं आहेत अशा दोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर मेल करून विचारा. पुष्कळदा त्यांना आपलं नाव तिथे आहे याचा पत्ताही नसतो. मागच्या वर्षीच्या निबंधांचा संग्रह मागा. "फी आजच भरा, उद्या वाढेल" अशी मेल आली, तर उत्तरही देऊ नका. कार्ड नंबर आधीच दिला असेल, तर बँकेला कळवून त्यावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आजच बंद करा.

प्रश्न : परिषदेचं प्रमाणपत्र नोंदणीच्या नूतनीकरणाला चालतं का?
— एक स्टाफ नर्स, परदेशीपुरा

सगळीच प्रमाणपत्रं चालत नाहीत. सीएनई, म्हणजे नर्सेससाठीचं निरंतर शिक्षण, म्हणून धरायचं असेल, तर त्यावर नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेचा उल्लेख आणि तासांची संख्या छापलेली हवी. 'सहभागाबद्दल' एवढंच लिहिलेल्या कागदाचे तास मिळतील असं धरून चालू नका. नोंदणीची फी भरण्याआधी आयोजकांना एकच ओळ विचारा: मान्यता कोणत्या राज्याच्या कौन्सिलची आहे आणि किती तासांची? तुमची नोंदणी मध्य प्रदेशात असेल आणि परिषद दुसऱ्या राज्यात असेल, तर भोपाळच्या कौन्सिल कार्यालयाला लेखी विचारून उत्तराची प्रत जपून ठेवा. प्रमाणपत्र हाती आल्याबरोबर त्यावरचं नाव आणि नोंदणी क्रमांक तिथेच टेबलावर वाचा. लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असलं, तर नूतनीकरणाच्या वेळी खेटे घालावे लागतात. तिथे उभ्या उभ्या बदलून घेणं सोपं, घरी आल्यावर महिने जातात.